येतं, पण सांगता येत नाही

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्याकडे शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. सहलींच्या एसटी गाड्या, स्नेहसंमेलनांचे मांडव आणि वक्तृत्वाचे फिरते करंडक हे सगळे एकाच थंडीत येते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला भाषेतले कळत असणार आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असणार, अशा दुहेरी समजुतीने मला परीक्षक म्हणून बोलावणी येतात. मीही आनंदाने जातो. मुलांमध्ये दिवस जातो, चहा मिळतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि घरी आल्यावर बायकोला सांगायला चार गोष्टी मिळतात.

या भाषणांचा साचा आता मला पाठ झाला आहे. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरुवात. मग एक कवितेची ओळ, मग एक थोर पुरुष, मग उजवा हात वर, आवाजाला चढ, डोळ्यांत पाणी आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. भाषण लिहिलेले असते काकाने किंवा बाईंनी. हात कुठे वर करायचा याच्या खुणासुद्धा कागदावर केलेल्या असतात. मूल ते मोठ्या कष्टाने पाठ करते, आणि मधेच एखादे वाक्य निसटले तर बिचारे पुन्हा ‘अध्यक्ष महोदय’पासून सुरू करते.

अशाच एका स्पर्धेत पाण्याच्या बचतीवर एक मुलगी फार सुंदर बोलली. भगीरथाने गंगा आणली तिथपासून तिसऱ्या महायुद्धापर्यंत सगळे तिच्या भाषणात होते. पहिला क्रमांक तिचाच. बक्षीस दिल्यावर मी सहज विचारले, ‘‘बाळ, तुमच्या शाळेच्या नळाला पाणी कुठून येतं गं?’’ ती म्हणाली, ‘‘टाकीतून.’’ ‘‘आणि टाकीत?’’ तिने बाईंकडे पाहिले. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, हे तिच्या भाषणात नव्हतं.’’

बाईंचे म्हणणे अगदी खरे होते, आणि मुलीचा तर काडीचाही दोष नव्हता. तिला जे शिकवले ते तिने उत्तम केले. पण त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घर करून बसला. आपण मुलांना भाषण करायला शिकवतो, सांगायला शिकवत नाही. नळाला पाणी कसे येते, माठातले पाणी गार का होते, हजार रुपयांचे दोन वर्षांत इतके कसे झाले, असल्या साध्या गोष्टी दुसऱ्याला कळतील अशा रीतीने सांगणे ही वेगळी विद्या आहे. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या तोंडी एक वाक्य असते : ‘‘सर, मला येतं, पण सांगता येत नाही.’’ आपण ते वाक्य ऐकतो, हसतो आणि ‘बस खाली’ म्हणतो. मुलाने आपला आजार स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असतो, पण औषध द्यायचे कोणाच्या मनात येत नाही.

महाराष्ट्राला वक्तृत्वाचे वेड जुने आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. पुढे अत्र्यांच्या सभांना मैदाने भरली, प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांची व्याख्याने ऐकायला गावेच्या गावे लोटली. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण तिच्याहून कितीतरी जुनी अशी दुसरी एक परंपरा आपल्याकडे आहे आणि तिच्यासाठी आपल्या भाषेत नेमका शब्दही आहे : निरूपण. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला जे केले ते निरूपणच होते. गीतेचे सातशे श्लोक समोर बसलेल्या माणसांना कळावेत म्हणून त्यांनी सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या लिहून घेतल्या. मराठीतला हा सर्वांत मोठा ग्रंथ मुळात समजावून सांगितलेला आहे, हे आपण विसरतो.

समर्थांचा दासबोध उघडून पाहा. ग्रंथाच्या तोंडालाच श्रोते तीन प्रश्न विचारतात. हा ग्रंथ कोणता, यात सांगितले काय आहे, आणि तो ऐकून आम्हाला मिळणार काय? कोणताही विषय कोणालाही सांगायला निघालेल्या माणसाने आधी या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. याहून चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात आधी निरूपण येते आणि मग उत्तररंगात आख्यान. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा करीत. ऐकणाऱ्याला कुठवर कळले आहे, हे पाहिल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकत नसत. शाळेच्या व्यासपीठावर आपण यातला फक्त चढा आवाज नेला आणि प्रश्न मात्र देवळातच राहिले.

या विद्येची किंमत मला कळली ती बँकेच्या काउंटरवर. नवरा गेल्यावर पासबुक घेऊन एखादी बाई यायची. बरोबर दीर, भाचा, शेजारी. पासबुकावर नॉमिनी म्हणून दिराचे नाव. दीर म्हणायचा, पैसे माझे झाले. बाई गप्प. अशा वेळी कायद्यातले कलम वाचून दाखवले तर कोणालाच काही कळत नाही. आमच्या शाखेत एक जुने हेडकॅशियर होते, ते खुर्ची पुढे सरकवून सांगायचे, ‘‘वहिनी, नॉमिनी म्हणजे टपाल घेणारा माणूस. पोस्टमननं पाकीट त्याच्या हातात दिलं, म्हणून पत्र त्याचं होत नाही. ज्याच्या नावचं, त्याला त्यानं नेऊन द्यायचं.’’ एवढे झाले की नॉमिनी हा मालक नसतो आणि पैशावरचा हक्क वारसांचाच राहतो, हे सगळ्यांना कळायचे. दिरालाही कळायचे, आणि तेच महत्त्वाचे असे. पण हेडकॅशियर एवढ्यावर थांबत नसत. ते विचारायचे, ‘‘आता घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?’’ बाई अडखळत सांगायची, आणि ती कुठे अडखळली यावरून आपले सांगणे कुठे कमी पडले हे त्यांना समजायचे.

मी अनेक हुशार अधिकारी पाहिले. परीक्षांत पहिले आलेले, इंग्रजी टिपणे झोकात लिहिणारे. पण समोरच्या शेतकऱ्याला त्याच्या कर्जाचे व्याज कसे आकारले हे पाच वाक्यांत सांगायची वेळ आली की ते चिडत. ‘‘नियमाप्रमाणे आकारलंय’’ हे त्यांचे शेवटचे वाक्य. शेतकरी मान डोलावून जायचा. आपल्याकडे माणसे अदबीनेसुद्धा ‘समजलं’ म्हणतात. न समजलेल्या कागदावर केलेली सही माणसाला किती वर्षे छळते, हे ज्याने वसुलीचे काम केले आहे त्याला विचारा. डॉक्टर, तलाठी, वकील, इंजिनीअर आणि ग्रामसभेत उभा राहणारा सरपंच, या सगळ्यांवर ही वेळ रोज येते. हे सगळे कधीतरी नववी-दहावीच्या बाकावर बसलेले असतात. तिथे त्यांना हे कोणी शिकवले का?

शाळेत तोंडी परीक्षा होती आणि आहे, असे कोणी म्हणेल. भाषेच्या विषयांना ऐंशी गुण लेखी आणि वीस गुण अंतर्गत, तोंडी, अशी दहावीची वाटणी अनेक पालकांच्या परिचयाची आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेला हे वीस गुण काढून टाकले गेले. त्या वर्षी निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रम, नव्या धर्तीची प्रश्नपत्रिका हीही कारणे होतीच. पण ओरड झाली ती या वीस गुणांवरून, आणि २०१९-२० पासून ते परत आले. त्या दिवसांतली वर्तमानपत्रे मी बारकाईने वाचत होतो. टक्केवारी, अकरावीचे प्रवेश, इतर मंडळांशी तुलना यांवर रकाने भरले. मुलांना बोलता येते का, ते कसे शिकवायचे, यावर फारसे कोणी बोलले नाही. तोंडी परीक्षेचे गुण सगळ्यांना हवे होते, तोंडाची आठवण कोणाला नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापक मित्राशी यावरून वाद झाला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याची शाळा. माझी नोकरीची काही वर्षे त्याच भागात गेलेली. तो म्हणाला, ‘‘तुला एवढं वाटतंय ना, मग ये आणि घे तास. नववीचा वर्ग देतो. शनिवारची सकाळ तुझी.’’ पावसाळा संपल्यावर दहा शनिवार मी तिथे गेलो. वर्गात साठ मुले. गणित सरळ होते : एकेकाला तीन मिनिटे दिली तरी १८० मिनिटे, म्हणजे पस्तीस मिनिटांचे पाच तास पुरायचे नाहीत. म्हणून पहिला नियम केला, आधी जोडीत बोलायचे. बाकावर शेजारी बसलेल्याला तीन मिनिटे एकाने सांगायचे, मग तीन मिनिटे दुसऱ्याने. सहा मिनिटांत साठच्या साठ मुले बोलून झाली. वर्गात कालवा झाला आणि शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. पण वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलीही त्या कालव्यात बोलत होत्या. मग चौघांच्या गटात, आणि ज्याला वाटेल त्याने वर्गापुढे.

दुसरा नियम विषयाचा. ‘पर्यावरण’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ हे विषय बाद. विषयात ‘का’ किंवा ‘कसे’ हवे आणि तो स्वतःला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असलेला हवा. प्रत्येक मुलाला काहीतरी असे येत असते, यावर माझा विश्वास होता आणि तो खोटा ठरला नाही. पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलाने गिरणीच्या दगडाला टाकी का लावावी लागते ते सांगितले. दगड गुळगुळीत झाला की दाणा कापला जात नाही, नुसता घासला जातो, म्हणून पीठ गरम होते आणि जाडेभरडे पडते. हे सांगताना त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर घासले आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हणाला, ‘‘आता लाव गालाला.’’ व्यासपीठावर हात कधी वर करायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

तिसरा नियम कागदाचा. लिहून आणायचे नाही, पाठ करायचे नाही. चिठ्ठीवर चार शब्द लिहायचे, वाक्य नाही. हवे तर फळ्यावर चित्र काढायचे, हवी ती वस्तू हातात घ्यायची. सुरुवातीला दासबोधातले तीन प्रश्न : कशाविषयी, त्यात काय, आणि ऐकणाऱ्याला त्याचे काय.

इथे एक गोष्ट ध्यानात आली, ती शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो. मुले सांगताना सगळी वाक्ये ‘आणि मग’ने जोडतात. ‘आणि मग पाणी वर जातं, आणि मग ढग होतो, आणि मग पाऊस पडतो.’ गोष्ट सांगायला ‘आणि मग’ पुरते. समजावून सांगायला ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘पण’, ‘उदाहरणार्थ’ हे शब्द लागतात. मी हे पाच शब्द फळ्यावर लिहून ठेवले आणि सांगितले की तीन मिनिटांत यातले निदान तीन वापरायचे. सुरुवातीला मुलांनी ते भाजीत मीठ टाकावे तसे कुठेही टाकले. पण ‘म्हणून’ म्हटल्यावर शेजारचा विचारू लागला, ‘‘कसं काय म्हणून?’’ ‘नाहीतर’ म्हटल्यावर, तसे केले नाही तर काय होते, ते सांगावेच लागले. शब्द आधी आला आणि विचाराला त्याच्या मागे यावे लागले.

चौथा नियम गुणांचा. बोलणाऱ्याला गुण मी देणार नाही. त्याचे झाले की ऐकणाऱ्यांपैकी कोणीही एकाने उठायचे आणि ‘‘तू असं सांगितलंस की...’’ अशी सुरुवात करून तेच आपल्या शब्दांत सांगायचे. ते बरोबर आले, तर गुण दोघांना. चुकले, तर बोलणाऱ्याने पुन्हा सांगायचे. हेडकॅशियरांची जुनी युक्ती, दुसरे काही नाही. पण त्याने वर्गाचा रंग पालटला. ऐकणारी मुले ऐकू लागली, कारण कोणाला उठावे लागेल याचा नेम नव्हता.

पाचवा नियम पाळणे शिक्षकांना सर्वांत जड गेले. बोलणे संपेपर्यंत भाषा सुधारायची नाही. मूल ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘तकडं’ म्हणाले की आपले बोट आपोआप वर होते. मुलाचे लक्ष मग विषयावरून उडते आणि जिभेवर जाते. आधी घरच्या बोलीत सांगू द्यावे, आणि दुसऱ्यांदा सांगताना पुस्तकातला शब्द त्याच्या हाती द्यावा. माठातले पाणी गार का होते हे विचारल्यावर एका मुलाने बाष्पीभवनाची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. मी विचारले, ‘‘मग पावसाळ्यात माठ तेवढा गार का पडत नाही?’’ तो थांबला. मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘पावसाळ्यात वलनीवरची वढणी तरी कुठं वाळती?’’ हवेत आधीच ओल असली की माठातून झिरपलेले पाणी उडत नाही; ते उडाले नाही तर माठाची उष्णता घेऊन जाणार कोण? हे सगळे त्या एका ओढणीत होते. तिला ‘बाष्पीभवन’ हा शब्द दिला तेव्हा तिने तो दागिना घ्यावा तसा घेतला. कुठे घालायचा हे तिला माहीत होते.

गणिताच्या तासाला आम्ही चक्रवाढ व्याज घेतले. हजार रुपये, दसादशे दहा, दोन वर्षे. सरळव्याजाने दोनशे, चक्रवाढीने दोनशे दहा. सूत्र साऱ्यांना पाठ. मी एवढेच विचारले, ‘‘हे वरचे दहा रुपये आले कुठून?’’ वर्ग शांत. पंधरा मिनिटे जोड्यांत खल झाला, तेव्हा एकाला दिसले : पहिल्या वर्षी मिळालेले शंभर रुपये दुसऱ्या वर्षी कामाला लागले, त्यांची ती दहा रुपये मजुरी. ‘‘म्हंजी पैशाचं पोरगं बी कमवाय लागलं,’’ असे तो म्हणाला. या मुलाला सावकाराचा कागद वाचायची वेळ आली, तर तो सही करण्याआधी दोन प्रश्न विचारील.

सगळे सुरळीत झाले असे नाही. वर्गातली एक मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली. तिला हे सगळ्यांत अवघड गेले. पहिल्या शनिवारी ती उभी राहिली, मोठ्या आवाजात सुरुवात केली आणि ‘का?’ असा पहिला प्रश्न आल्याबरोबर तिचे अवसान गळाले. ती रडली. तिचे वडील एसटीत वाहक. तिसऱ्या शनिवारी तिने तिकिटाचा टप्पा म्हणजे काय ते सांगितले. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि भाडे टप्प्यावर ठरते. म्हणून शेजारशेजारच्या दोन थांब्यांना कधी भाडे सारखेच पडते आणि कधी एकदम वाढते, आणि लोक मात्र वाहकाशी भांडतात. फळ्यावर तिने आमचाच रस्ता काढला आणि टप्प्यांच्या खुणा केल्या. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. एकाने विचारले, ‘‘मग टप्पा संपायच्या आधी उतरलं तर पैसे परत का नाही?’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘हे बाबांना रोज विचारतात.’’ आणि तिने उत्तर दिले.

एक मुलगा मात्र बोलायला तयार नव्हता. दरवर्षी दिवाळीनंतर त्याचे आई-बाप ऊसतोडीला जातात, तो आजीजवळ राहतो. कधी त्यालाही जावे लागते, मग हजेरी तुटते. ‘त्याचं काही खरं नाही’ असे शिक्षकांच्या खोलीत मी त्याच्याविषयी ऐकले होते. सहाव्या शनिवारी तो आपणहून उठला. विषय काय, विचारले तर म्हणाला, ‘‘उचल कशी फिटती.’’

त्याने फळ्यावर आकडे मांडले. समजा मुकादमाकडून पन्नास हजार उचल घेतली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. समजा टनाला साडेतीनशे आणि दिवसाला दोन टन, म्हणजे सातशे रुपये. ‘‘म्हणून पहिले बहात्तर दिवस आपल्याला काहीच नाही. सगळी उचलीत जाती.’’ मधे आठवड्याच्या बाजाराला घेतलेले पैसे त्यात चढतात. आई आजारी पडली तर अर्धा कोयताही चालत नाही, म्हणून दिवस वाढतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. एका मुलीने विचारले, ‘‘मग मुकादमाला काय मिळतं?’’ ‘‘टनामागं कमिशन.’’ दुसऱ्याने विचारले, ‘‘मग उचल घ्यायचीच कशाला?’’ तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘पावसाळ्यात काम नसतं. दुकानाची उधारी असती.’’

नियमाप्रमाणे एक मुलगा ते पुन्हा सांगायला उठला. तो म्हणाला, ‘‘तू असं सांगितलंस की तुझ्या वडिलांनी कर्ज काढलंय.’’ हा म्हणाला, ‘‘कर्ज नाही. कामाचे पैसे आधी घेतलेले. कर्जाला व्याज असतं, याला आपण स्वतः जावं लागतं.’’ एवढा नेमका फरक मी बँकेत पस्तीस वर्षांत कोणाकडून ऐकला नव्हता. साठ मुले पाच वर्षे त्याच्याबरोबर शिकत होती. तो शिमग्यापर्यंत शाळेतून कुठे नाहीसा होतो हे त्यांना त्या दिवशी कळले. गणिताच्या सरांनी सोमवारी शेकडेवारीचा तास त्याच आकड्यांवर घेतला. त्या मुलाचे लेखी गुण फारसे वाढले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण शिक्षकांच्या खोलीतले ते वाक्य पुन्हा कानावर आले नाही. ज्याला सांगता येत नाही त्याला काही येतच नाही, असे आपण किती सहज धरून चालतो! आणि ज्याला नुसते बोलता येते, त्याला सगळे येते असेही.

हा विचार काही माझा एकट्याचा नाही. इंग्लंडात अँड्र्यू विल्किन्सन या शिक्षणतज्ज्ञाने १९६५ मध्ये साक्षरतेच्या जोडीला ‘ओरसी’ असा शब्द घडवला. लिहिता-वाचता येणे शिकवावे लागते तसे बोलता-ऐकता येणेही शिकवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. फ्रान्सने २०२१ पासून शालान्त परीक्षेत एक मोठी तोंडी परीक्षा आणली. वीस मिनिटे तयारी, आणि मग वीस मिनिटे दोन वेगवेगळ्या विषयांच्या शिक्षकांपुढे आपण निवडलेल्या प्रश्नावर बोलायचे आणि त्यांना उत्तरे द्यायची. आपल्याकडेही १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली, त्यात मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन शोध करायचा आणि तो आपल्या भाषेत उभे राहून मांडायचा. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. मुलाला आधी प्रश्न पडला पाहिजे, हे त्यांनी किती सोप्या रीतीने साधले!

शिक्षक म्हणतात, पोर्शन संपत नाही. अडचण खरी आहे. पण आठवड्याला सहा मिनिटे जोडीत बोलायला वेगळा तास लागत नाही. शिकवलेला धडाच एकमेकांना सांगायचा असतो. पालक म्हणतात, आमचे मूल इंग्रजी माध्यमात आहे. मग तर अधिकच गरज. इंग्रजीत पाठ केलेला धडा त्याने आजीला मराठीत सांगून पाहावा; जिथे सांगता येणार नाही, तिथे तो कळलेला नाही. आणि आता तर मुलांचे प्रकल्प, निबंध, उत्तरे यंत्र लिहून देऊ लागले आहे. सुबक वही पाहून मुलाला काय कळले हे ओळखण्याचे दिवस गेले. समोर बसवून ‘का रे?’ असे विचारणे, ही जुनी परीक्षा मात्र अजून कोणाला फसवता आलेली नाही.

घरात यासाठी काही निराळे करायला नको. फक्त पाहुण्यांनी मुलाला काही विचारले की आपण त्याच्या वतीने उत्तर देतो, ती सवय सोडावी. आणि ते सांगत असताना मोबाइल उपडा ठेवावा. आज रविवार आहे, घरात विजेचे बिल कुठेतरी असेलच. नववीतल्या मुलाला म्हणावे, हे आजीला समजावून सांग. एक युनिट म्हणजे काय, हे तो पुस्तकातून सांगेल : हजार वॅट, एक तास. साठ वॅटचा दिवा किती तास जाळला तर एक युनिट होते, हे आजी विचारील. सोळा तास चाळीस मिनिटे हे उत्तर काढायला त्याला थोडा वेळ लागेल, लागू द्यावा. मग तो स्थिर आकारापाशी येईल, तिथून वहन आकारापाशी, आणि तिथे बहुधा अडेल. तेव्हा त्याला हसू नये. आपल्यालाही ते सांगायचे आहे.